मर्वचा नायब

खिलाफतीच्या सुरुवातीच्या काळाबद्दल बोलताना आपण खलिफांची नावं आणि लढायांची सनावळी यापलीकडे जात नाही. फार तर ‘अरब टोळ्या आपसांत भांडायच्याच’ एवढं म्हणून मोकळे होतो. हे वाक्य मला मनापासून खटकतं, कारण त्या भांडणांची चौकट राज्यानेच आखलेली होती. इराकमधल्या बसरा या लष्करी शहरात सैन्याची विभागणी टोळीनिहाय, तनख्याच्या याद्याही टोळीनिहाय. इ. स. 671मध्ये इराकचा सुभेदार झियाद याने बसरा आणि कूफ्यातली सुमारे 50 हजार कुटुंबं इराणच्या ईशान्येकडच्या खुरासान प्रांतात वसवली, तेव्हा हीच घडी तिकडे गेली. म्हणून सुभेदार कोण याच्याइतकंच महत्त्व त्याचा नायब कुठल्या टोळीचा याला होतं.

खुरासानचा सुभेदार, सुलैम टोळीचा इब्न खाझिम बघा. तमीम टोळीच्या बळावर त्याने बक्र टोळीवाल्यांना हेरातपाशी चिरडलं आणि काम झाल्यावर तमीमलाच बाजूला सारलं. चिडलेल्या तमीमनी हेरातमध्ये त्याचा मुलगा मारला. पुढे खलिफा अब्द अल-मलिकचं पत्र आलं: मला खलिफा मान, सात वर्षं खुरासान तुझा. इतिहासकार तबरीने हा प्रसंग दिलाय. इब्न खाझिमने जासुदाला ते पत्रच खायला लावलं. त्याला ठार मात्र केलं नाही, कारण तो जासूद आमिर टोळीतला. मारला तर सुलैम आणि आमिर यांच्यात वैर पेटलं असतं. एवढ्या संतापातही हिशोब टोळीचाच!

मग खलिफाने खुरासानचं मुख्य शहर मर्व इथल्या इब्न खाझिमच्या नायबाला, बुकैर इब्न विशाहला, तीच सुभेदारी देऊ केली. बुकैर तमीमचा. शहर त्याच्या हातात, माणसं त्याची. इब्न खाझिम मारला गेला. खलिफाच्या राजधानीहून, दमास्कसहून, फौज पाठवावीच लागली नाही. लगेच त्याचं मुंडकं खलिफाकडे कोणी पाठवायचं यावरून बुकैर आणि बहीर या दोन तमीमींमध्येच जुंपली, आणि बुकैरने बहीरला कैदेत टाकलं. खुरासानी लोकांनीच अखेर खलिफाकडे पैगंबरांच्या कुरैश टोळीतला सुभेदार मागितला, ज्याचा कुणाला हेवा वाटणार नाही असा. तो उमय्या.

या उमय्याने हिजरी 77मध्ये (इ. स. 696-97) बुखाऱ्याच्या मोहिमेवर निघताना, आपला मुलगा लहान म्हणून, मर्व सांभाळायला परत कुणाला धाडावं? बुकैरलाच! बुकैरने आमूदर्याच्या काठावरच्या नावा जाळल्या आणि शहर ताब्यात घेतलं. पुढे तह झाला खरा, पण उमय्याने त्याला शेवटी मारलंच, तेही बहीरच्या हातून.