साठ दिवसांनंतरचा युरिया : ‘पुस्तकी’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, नमस्कार.

कंदमुळांच्या खतांवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांच्या माहितीसाठी तिचा गोषवारा देतो. ‘साठ दिवसांनंतर कांद्याला युरिया देऊ नका हे पुस्तकी ज्ञान. आम्ही पंच्याहत्तराव्या दिवशी एकरी एक गोणी फोकतो आणि कांदा मोठा निघतो. तुम्हीच पुढे १३:०:४५ (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश यांचे टक्के) फवारा म्हणता, त्यात नत्र नाही का? ज्यांनी कधी वाफ्यात पाय ठेवला नाही त्यांनी शेतकऱ्याला शिकवू नये.’ शिवाय हेक्टरी आकडे, सुपर फॉस्फेटची टंचाई, गाजराचं शेणखत आणि माती परीक्षण यांवर एकेक टोला.

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण लागलं ते तेच. आमच्या घरात आजोबांपासून कांदा आहे. रोप टाकण्यापासून कांदाचाळ भरण्यापर्यंतचं कुठलंही काम मला कुणी तोंडी समजावून सांगावं लागलेलं नाही. एवढं पुरे, आत्मचरित्र लिहायला बसलेलो नाही. पण दुसऱ्याच्या पायाला माती लागली आहे का हे विचारणाऱ्याने निदान स्वतःचं नाव आणि गाव तरी लिहावं. टोपणनावाआडून ‘वाफ्यात या’ म्हणणं सोपं असतं.

आणि ‘पुस्तकी’ म्हणजे नेमकं काय हो? राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशी कपाटातून पडलेल्या नाहीत. वाफे आखायचे, प्रत्येकाला वेगळी मात्रा द्यायची, काढणीला वजन करायचं आणि मग तोच कांदा साठवून महिन्या-महिन्याला सड मोजायची, या कामातून त्या आल्या आहेत. उन्हाळी कांद्यासाठी घरोघरी लावला जाणारा एन-२-४-१ हाही संशोधन केंद्रातच निवड करून आलेला वाण. बियाणं घेताना पुस्तकवाले चालतात, मग खताच्या वेळीच का खुपतात?

आता मुद्दा. पंच्याहत्तर दिवस तुम्ही कशापासून मोजता, हे प्रतिक्रियेत कुठेच नाही. उन्हाळी कांद्याचं रोप सात-आठ आठवडे गादी वाफ्यावर असतं. बी टाकल्यापासून मोजत असाल तर तुमचा पंच्याहत्तरावा दिवस म्हणजे लागवडीनंतरचा जेमतेम विसावा-पंचविसावा. तेव्हा युरिया द्यायलाच हवा आणि आपल्यात भांडणच नाही. लेखातले साठ दिवस लागवडीपासूनचे आहेत. पण तुम्हीही लागवडीपासूनच मोजत असाल, आणि तुमच्या सुरावरून तसंच वाटतं, तर पुढचं नीट वाचा.

कांदा म्हणजे पातीचा तळ. आधी पाती येतात. दिवस लांबला, ऊन तापायला लागलं की नवी पात थांबते आणि असलेल्या पातीतलं अन्न खाली उतरून गड्डा भरतो. एन-२-४-१ सारख्या वाणात साठीच्या आसपास हा पालट सुरू झालेला असतो. त्या वेळी एकरी एक गोणी युरिया, म्हणजे ४५ किलोत जवळपास २१ किलो नत्र, टाकलं की झाड पुन्हा पातीच्या मागे लागतं. मधून कोवळी पात निघत राहते, मान जाड आणि हिरवी राहते. शेजारच्याच्या शेतात कांदा पिकून निम्म्या माना पडलेल्या असतात, तुमचा कांदा ताठ उभा. काढणी लांबते आणि एप्रिल-मेच्या अवकाळीत सापडायचा धोका वाढतो. जोड कांदाही वाढतो, मात्र त्याला एकटा युरिया जबाबदार नाही. वाण, विरळ लागवड आणि पाण्याचा ताण देऊन मग एकदम भरपूर पाणी हीसुद्धा कारणं आहेत.

खरं नुकसान चाळीत दिसतं. बारीक मान काढणीनंतर आपोआप मिटते, जाड मान मिटत नाही. वरून सुकलेली दिसते, पण आत ओल राहते आणि बुरशी-जिवाणू तिथूनच शिरतात. तीन दिवस शेतात पातीने पात झाकून सुकवा, तीन-चार सेंटिमीटर मान ठेवून कापा, दहा-बारा दिवस सावलीत पातळ पसरा. हे सगळं केलं तरी अशी मान पूर्ण मिटत नाही. मग जून-जुलैच्या दमट हवेत सड, आणि त्यातून वाचला त्याला ऑगस्ट-सप्टेंबरात कोंब. शिवाय जास्त नत्राची पात लुसलुशीत असते, फुलकिडे आणि करपा रोगाला ती जास्त बळी पडते. म्हणजे युरियाच्या गोणीवर दोन फवारण्यांचा खर्च वेगळा.

‘कांदा मोठा निघतो’ हे तुमचं वाक्य मी खोटं म्हणत नाही. निघतो. पण मोठा म्हणजे काय भरून मोठा? कांद्यात शंभरातले ऐंशीहून जास्त भाग पाणीच असतं, उशिराच्या नत्राने ते आणखी वाढतं. काढणीच्या दिवशी ट्रॉली जड, चार महिन्यांनी तीच हलकी. काढला की लगेच लिलावात नेणार असाल तर हा तोटा तुम्हाला कधी दिसणारच नाही. लाल कांद्यात, म्हणजे खरीप आणि रांगड्यात (उशिराच्या खरिपात), तसंच होतं. तो साठवतच नाहीत. म्हणून खरिपाचा अनुभव उन्हाळीला लावू नका. तुमच्या प्रतिक्रियेत हंगामही लिहिलेला नाही, हे जाता जाता.

साठीनंतर युरियाचा मोह होतो तो बहुतेक वेळा पात पिवळी दिसते म्हणून. तिथे दोन मिनिटं वाफ्यात बसून बघा (हो, वाफ्यातच). जुनी, बाहेरची पात शेंड्याकडून पिवळी पडत असेल तर नत्राची कमतरता असू शकते. आतली नवी पात फिकी असेल तर गंधक कमी असण्याची शक्यता जास्त. चुनखडीच्या जमिनीत नवी पात पिवळी पडायला लोहाची कमतरताही कारण असते. चंदेरी ठिपके आणि वाकडी पात असेल तर फुलकिडे. वाफ्याच्या खालच्या टोकालाच पिवळं असेल तर पाणी साचतंय. आणि शंभरीच्या जवळ सगळीकडे सारखं पिवळं दिसत असेल तर कांदा पक्व होतोय, त्याला सुखाने पिकू द्या. या यादीत युरियाने भागणारी अडचण एकच, तीही उशिरा कळलेली.

एक सूट मात्र देतो. हलकी मुरमाड जमीन असेल आणि पंचेचाळिसाव्या दिवसाच्या हप्त्यानंतर लगेच जोराचा पाऊस झाला असेल, तर नत्र खाली वाहून गेलेलं असतं. कांद्याची मुळं उथळ, बहुतेक वरच्या वीतभर थरातच. खाली गेलेलं त्यांना परत मिळत नाही. अशा वेळी साठ दिवसांच्या आत एकरी दहा-बारा किलो युरिया द्यायला हरकत नाही. भारी काळ्या जमिनीला ही सूट नाही.

आता १३:०:४५. हा टोला मारताना तुम्हाला फार आनंद झालेला दिसतो, म्हणून हिशेबच करू. पाच ग्रॅम लिटरला, एकराला दोनशे लिटर पाणी, म्हणजे एक किलो खत. त्यात नत्र १३ टक्के, म्हणजे १३० ग्रॅम. तुमच्या गोणीत २१ किलो. एका गोणीएवढं नत्र जायला अशा दीडशेहून जास्त फवारण्या लागतील. ती फवारणी असते पालाशसाठी, गड्डा भरायला आणि साल पक्की व्हायला. ‘नत्र नाही का?’ असं विचारण्याआधी पिशवीवरचे आकडे आणि मात्रा यांचा गुणाकार केला असता तर हा परिच्छेद मला लिहावा लागला नसता.

हेक्टरी आकड्यांची तुमची तक्रार मात्र रास्त आहे. दुकानात कुणी हेक्टरी १००:५०:५० (किलो नत्र, स्फुरद, पालाश) मागत नाही, गोणी मागतो. तेव्हा एकराचा हिशेब गोणीत घ्या: लागवडीच्या वेळी १०:२६:२६ दीड गोणी, म्हणजे ७५ किलो, आणि सोबत २७ किलो युरिया. स्फुरद आणि पालाश तिथेच संपलं. मग तिसाव्या दिवशी युरिया अर्धी गोणी आणि पंचेचाळिसाव्या दिवशी उरलेली अर्धी. बस. दोन्ही हप्ते खुरपणी झाल्यावर, वाफसा असताना (माती ओलसर, पण चिखल नाही) द्या आणि लगेच हलकं पाणी सोडा. आपल्या बऱ्याच जमिनींचा सामू (पीएच) आठच्या पुढे आहे. उन्हात युरिया वरच पडून राहिला तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. पाट भरून पाणी सोडलं तर मुळांच्या खाली जातं. पातीवर दव असताना फोकू नका, दाणे चिकटून पात भाजते. ठिबक असेल तर तेवढाच युरिया आठवड्याच्या हप्त्यांत विभागा, पण साठीच्या आतच संपवा. शेणखत एकरी आठ-दहा टन, चांगलं कुजलेलं, नांगरणीनंतर. हे धरूनच वरचे आकडे आहेत.

सुपर फॉस्फेट मिळत नाही म्हणता. मग १०:२६:२६ घ्या किंवा डीएपी घ्या, पण सुपरमधलं गंधक या दोन्हींत नसतं हे विसरू नका. अडीच गोण्या सुपर फॉस्फेटमधून एकराला तेरा-चौदा किलो गंधक मिळायचं. ते ९० टक्क्यांच्या बेंटोनाइट गंधकातून भरायचं तर पंधरा किलो, लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळून, कारण ते लगेच लागू होत नाही.

गाजराचं म्हणाल तर कच्चं शेणखत घातलं की मूळ फाटे फोडतं, हे मी लिहिलं होतं. ‘शेणखत घालू नका’ असं लिहिलेलं नाही. पुन्हा वाचा. माती परीक्षणावर तुम्ही जे लिहिलंय त्याला उत्तर देत नाही, त्यात मुद्दा नाही, नुसती चेष्टा आहे.

तरीही गोणी टाकायचीच असेल तर टाका, पण येत्या उन्हाळीत एवढं करा. एकाच पट्ट्यातले, एकाच पाण्यावरचे आठ वाफे घ्या. चार वाफ्यांना साठीनंतर युरिया द्या, चारांना देऊ नका, बाकी सगळं सारखं. दोन्हींकडे निम्म्या माना पडल्या की काढायचं, आणि कोणत्या तारखेला पडल्या ते लिहून ठेवायचं. जोड आणि डेंगळ्याचे (फुलाचा दांडा आलेले) कांदे बाजूला काढून मोजा. उरलेला कांदा जाळीच्या पिशव्यांत भरून वजन करा, पिशव्यांना वेगळ्या रंगाची सुतळी बांधा आणि चाळीच्या एकाच कप्प्यात, एकाच उंचीवर ठेवा. तळाशी एक आणि वर दुसरी असं करू नका, तळाचा कांदा तसाही आधी सडतो. ऑगस्टच्या अखेरीस सडका-कोंब आलेला काढून पुन्हा वजन करा. आकडे इथेच टाका, सोबत दिवस कशापासून मोजले तेही. या वेळी नावानिशी.