उंबऱ्याचा भाव

जुनी स्पोर्ट्स कार विकायची ठरली की घरात दोन पक्ष पडतात. एका पक्षाच्या मते तिच्या पैशात स्वयंपाकघर नवं होईल. दुसऱ्याच्या मते ती न्यायला येणाऱ्यालाच वर काहीतरी द्यावं लागेल. पुण्याहून मामा फोनवर विचारतो, "अरे, वजनावर किती देतात तिकडे?"

तिकडे म्हणजे इंग्लंडात. गाडी म्हणजे एमजी कंपनीची १९७२ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे पक्कं छप्पर नसलेली, क्रोम बंपरवाली. ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० ही गाडी बनत होती, आणि पक्क्या छपराची जीटी वगैरे भावंडं धरून पाच लाखांवर बनली. विकणाऱ्याने हा आकडा आधी पाठ करावा. जाहिरातीतला 'दुर्मिळ' हा शब्द खोडायला तो फार उपयोगी पडतो. इंग्लंडात एमजीबी दुर्मिळ म्हणणं म्हणजे कोकणात फणस दुर्मिळ म्हणणं.

मग उरतो 'अनरिस्टोर्ड', म्हणजे नव्याने न केलेली, हा शब्द. तो दोन अगदी वेगळ्या गाड्यांना लावतात. एक असते राखलेली. मूळ रंग, मूळ आसनं, कोरडं गॅरेज, वेळच्या वेळी ग्रीस. अशी गाडी कधीकधी नवा रंग दिलेल्या गाडीहून महाग जाते, कारण कारखान्यातला रंग एकदाच लागतो. दुसरी असते राहिलेली. 'या उन्हाळ्यात घेऊच करायला' असं वीस उन्हाळे म्हणत राहिलेली. तिच्या बॉनेटवर रंगाचे डबे असतात, आसनावर नाताळचं झाड असतं आणि चाकांत हवा नसते. जाहिरात मात्र दोघींची सारखीच. घरातली गाडी कुठली हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. झाड बाहेर काढावं लागतं.

राहिलेल्या गाडीची किंमत काढायची शाळकरी रीत अशी: चांगल्या गाडीच्या भावातून दुरुस्तीचा खर्च वजा करा. करून बघू. समजा, रंगबिंग झालेली, रविवारी निर्धास्त बाहेर काढता येईल अशी रोडस्टर १४,००० पौंडांना जाते. आता वजाबाकी. दोन्ही बाजूंचे दाराखालचे पत्रे बदलायला ५० तास, तासाला ६० पौंड, म्हणजे ३,०००. ते पत्रे ६००. रंग ५,०००. हूड म्हणजे कापडी छप्पर, आसनं, कार्पेट २,०००. इंजिन उघडून बांधणं २,५००. ब्रेक, सस्पेन्शन आणि पाच टायर १,८००. बेरीज १४,९००. उत्तर आलं उणे ९००. म्हणजे घरातला दुसरा पक्ष बरोबर! हे आकडे नमुन्यादाखल आहेत. आपल्या गावच्या वर्कशॉपचे दर घालून बघा, उत्तराचं चिन्ह बहुधा हेच येईल.

तरीही अशा गाड्या विकल्या जातात, कारण घेणारा स्वतःच्या मजुरीचा दर शून्य धरतो. त्याचा हिशोब असा: पत्रे ६००, रंगाचं सामान ८००, हूड-आसनं १,५००, इंजिनाचे भाग ९००, बाकीचं १,२००. झाले ५,०००. चौदातून पाच गेले, उरले ९,०००. पण ९,००० तो देणार नाही. दोन वर्षांचे शनिवार-रविवार त्याने फुकट धरले असले तरी त्याच्या बायकोने धरलेले नसतात. शिवाय नवात पाच घातले की तयार गाडीच येते, हे त्यालाही कळतं. तेव्हा खरी किंमत उणे ९०० आणि ९,००० यांच्या मध्ये कुठेतरी असते. नेमकी कुठे, ते एक जागा सांगते.

ती जागा म्हणजे सिल. मराठीत म्हणायचं तर गाडीचा उंबरा. दाराखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी ती पोकळ पेटी. बाकीचं काम पुस्तक बघून पाना फिरवत शिकता येतं. उंबऱ्याला वेल्डिंग लागतं, तेही गाडी वाकडी न होऊ देता, आणि ते येत नाही असं मनात कबूल करणारे ग्राहक खूप असतात. रोडस्टरला पक्कं छप्पर नाही. पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचं बरंचसं काम या दोन पेट्यांवर पडतं. म्हणून गाडीचा भाव बॉनेटखाली नसतो, उंबऱ्यात असतो.

ही पेटी एका पत्र्याची नाही. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोघांच्या मध्ये एक उभा पडदा आणि तळाला किल्ल्याच्या तटासारख्या खाचा पाडलेली पट्टी. खाचा असतात पाणी जायला. पुढचं चाक चिखल उडवतं, तो मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात साचतो आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्याला मुरवतं. लोणचंच. मग कुणी सद्भावनेने खालून डांबरासारखा काळा थर मारतो आणि खाचा बुजतात. पाणी आत राहतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगाखाली फुगवटा दिसेपर्यंत मधल्या पडद्याची जाळी झालेली असते.

नीट काम करायचं तर पुढचं मडगार्ड सोडवावं लागतं. ते बोल्टवर असतं, फक्त बोल्ट पन्नास वर्षांचे असतात. मागच्या मडगार्डचा खालचा तुकडा कापावा लागतो, कारण उंबऱ्याचं टोक त्याच्या आत गेलेलं असतं. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी ठोकून ती जखडावी लागते. ती जखडली नाही तर गाडी केळ्यासारखी वाकून तशीच वेल्ड होते आणि दार जन्मभर लागत नाही. एवढं सगळं टाळायचा सोपा मार्ग म्हणजे सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चढवणं, फाटक्या बनियनवर इस्त्रीचा शर्ट घालावा तसा. तो ओळखायचा तर आडवं पडून खालची कड बघा. पत्र्यांचे थर जास्त दिसले, पाण्याच्या खाचा गायब असल्या किंवा नवा पत्रा मडगार्डपाशी येऊन अचानक थांबला, तर भाव तिथेच खाली आला.

विकणाऱ्याने ही तपासणी ग्राहकाच्या आधी स्वतः करावी. दार आणि मागचं मडगार्ड यांच्यातली फट वर, मध्ये आणि खाली मिलिमीटरच्या पट्टीने मोजा आणि लिहून ठेवा. मग गाडी त्या बाजूने जॅकवर उचला आणि पुन्हा मोजा. फट तशीच राहिली, दार पूर्वीसारखं उघडलं-लागलं, तर निम्मी लढाई जिंकली. फट बदलली, दार घासलं, तर किंमत खाली घ्या आणि गाडीही खाली घ्या, हलक्या हाताने.

दुसरं हत्यार लोहचुंबक. पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवायचा. जिथे पकड सुटते तिथे पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी भरलेली आहे. उंबरे, मडगार्डचे खालचे कोपरे, मागच्या चाकांच्या कमानी, पुढच्या मडगार्डची काचेशेजारची वरची टोकं, सगळीकडे. साठच्या दशकातल्या एमजीबीच्या बॉनेटवर मात्र चुंबक टपकन खाली पडतो आणि ग्राहकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. अख्खं बॉनेट लांबीचं? नाही, ते मुळातच ॲल्युमिनियमचं असतं. आमचं बॉनेट पोलादी असल्यामुळे हा आनंद आमच्या नशिबी नाही.

बॅटरी कुठे आहे असं विचारलं की निम्मे ग्राहक बॉनेट उघडतात. त्या मागे असतात, आसनांच्या पाठीमागे, फळीखाली. ६ व्होल्टच्या दोन, मालिकेत जोडलेल्या. दिसत नाहीत म्हणून कुणी बघत नाही, आणि आम्ल सांडून त्यांच्या पेट्या सडतात. फळी उचला, फोटो काढा, जे असेल ते दाखवा.

इंजिनाची चिंता लोक उगाच करतात. १,७९८ सीसीचं हे इंजिन दणकट आहे आणि त्याचे भाग इंग्लंडात किराण्यासारखे मिळतात. जाहिरातीत 'लावली तेव्हा चालत होती' हे वाक्य लिहू नका. जगातली प्रत्येक बंद गाडी लावली तेव्हा चालतच होती. जाम झालेलं इंजिन स्टार्टरने हिसकावण्याआधी प्लग काढून चारी सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा आणि चार दिवस धीर धरा. मग चौथा गिअर टाकून गाडी हाताने पुढे-मागे ढकला. इंजिन फिरलं तर 'इंजिन हाताने फिरतं' असं लिहा. या तीन शब्दांचे पैसे मिळतात. चालू झालंच तर गरम असताना, वेगात, ऑइलचा दाब चौरस इंचाला ५० ते ८० पौंडांच्या (वजनाच्या, पैशांच्या नव्हे) दरम्यान हवा. पेट्रोलचा पंप टिकटिकला नाही तर त्याला पान्याच्या मुठीने हलकेच टपली मारायची रीत आहे. बरेचदा जागा होतो. ग्राहकासमोर मात्र मारू नका.

तारांची चाकं असतील तर ब्रेक दाबून धरायला एकाला बसवा आणि उचललेलं चाक हाताने मागे-पुढे हिसका. 'टक्' असा आवाज आला तर हबचे दाते झिजले. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिन सावकाश फिरू देणारा जादा गिअर, असेल तर 'आहे' एवढंच लिहा. 'चालतो' हे गाडी रस्त्यावर गेल्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं.

कागदांकडे वळू. चासी नंबर जीएचएन५ने सुरू होतो: जी म्हणजे एमजी, एच म्हणजे १,४०० ते १,९९९ सीसीचं इंजिन, एन म्हणजे दोन आसनांची उघडी गाडी, ५ म्हणजे मालिका. पाटीवरचा नंबर आणि लॉगबुकातला नंबर जुळतोय ना, हे जाहिरातीआधी बघा, नंतर नाही. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून कारखान्याच्या नोंदींवरून दाखला मिळतो. गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कुठे पाठवली. सध्याचा लाल रंग मुळात फिकट पिवळा होता हे त्यातून कळलं तर वाईट वाटतं, पण ग्राहकाला ते स्वतः शोधू देण्यापेक्षा बरं. एमओटीची, म्हणजे तिकडच्या वार्षिक तपासणीची, जुनी प्रमाणपत्रं फेकू नका. या गाडीच्या मीटरला मैलांचे पाचच आकडे आहेत. एक लाख झाले की तो पुन्हा शून्यावर येतो. ४३,००० मैल म्हणजे ४३,००० की १,४३,०००, हे ते पिवळे पडलेले कागदच सांगतात. आता चाळीस वर्षांवरच्या गाडीला, मोठे बदल केलेले नसतील तर, एमओटी सक्तीची नाही. म्हणून स्वखुशीने केलेल्या ताज्या एमओटीला वजन आहे. बंद गाडीला तो प्रश्नच येत नाही.

बाजारभाव बघताना मागितलेल्या किमती वाचू नका. त्या विकणाऱ्यांच्या इच्छा असतात. सहा महिने त्याच जागी उभी असलेली जाहिरात म्हणजे भाव नव्हे, हट्ट. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या गाड्या बघा, पण तिथेही सांभाळून. हातोडा एका आकड्यावर पडतो, घेणारा त्यावर आपलं कमिशन भरतो आणि विकणाऱ्याच्या हाती येताना त्यातून आणखी कापलं जातं. एकच गाडी, तीन किमती, आणि पार्टीत सांगितली जाते ती सगळ्यात मोठी. इन्शुरन्सने मान्य केलेला आकडाही भाव नाही. तो गाडी गेली तर मिळायच्या भरपाईसाठी असतो. तुलना करताना रबर बंपरच्या गाड्या वेगळ्या काढा. अमेरिकेच्या नियमांसाठी १९७४च्या शेवटी ते बंपर आले, गाडीची उंची वाढली आणि भाव उतरला तो क्रोमच्या बरोबरीला अजून आलेला नाही.

सुटे भाग करून विकण्याचा मोह होतो. कागदावर बेरीज नेहमी अख्ख्या गाडीहून जास्त येते. ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स, तारांची चाकं, हार्डटॉप पहिल्या महिन्यात जातात. मग उरलेलं धूड दोन वर्षं दारात उभं राहतं आणि शेजारी हसून बोलायचे थांबतात.

विकण्याआधी पैसा कुठे घालावा? फारसा कुठेच नाही. चारी चाकांचे ब्रेक सोडवा, टायरांत हवा भरा, गाडी ढकलली की सरकली पाहिजे. सरकणारी गाडी ट्रेलरवर वीस मिनिटांत चढते, न सरकणारीला दुपार लागते आणि ती दुपार किमतीतून कापली जाते. आतून साफ करा, बाहेरून धुवा. रंग देऊ नका. खालून ताजा काळा थर तर अजिबात मारू नका. तो बघून अनुभवी माणूस चहा अर्धा टाकून निघतो. वाईट जागांचे फोटो चांगल्या जागांपेक्षा जास्त घाला. जाहिरात नोव्हेंबरात नको. उघडी गाडी घ्यायची इच्छा इंग्रज माणसाला मार्चअखेर, पहिलं ऊन पडलं की होते.

मग आकडा. खालचा आकडा कागदावर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवा. त्यावर दहा टक्के चढवून जाहिरात द्या. माझ्या कागदावर २,२०० आहेत: दोन्ही उंबरे गेलेले, इंजिन हाताने फिरणारं, कागद पूर्ण. स्वयंपाकघराच्या पक्षाला आकडा सांगितलेला नाही. मामाला सांगितला, तर त्याने वजन विचारलं.

शनिवारी येणारा ग्राहक बॉनेट उघडणार नाही, हे नक्की समजा. हाताशी टॉर्च असेल, गुडघे मळलेले असतील. चहा घेईल, साखर नको म्हणेल. गाडीभोवती एक फेरी मारेल, दार उघडून आत वाकेल, मग दार तसंच सोडून खाली सरकेल आणि बराच वेळ फक्त त्याचे बूट दिसतील. मग केसांत गंजाची पूड घेऊन बाहेर येईल आणि अगदी सहज विचारेल, "जॅकवर घेऊ का जरा?"

"घ्या की," म्हणायचं. "फक्त आधी ते दार लावून घ्या."