पोट्टी सत्ताविसात, बाप चारात: स्वस्त विमानानं सहकुटुंब जायचे उपाय

मागच्या महिन्यात आम्ही चौघं नागपूरवरून बंगलोरला जाऊन आलो. साळ्याची वास्तुशांती होती. बायको म्हणे रेल्वेनं पोरांचे हाल होतात, विमान आता एसीच्या भावातच पडते, काढा तिकीट. काढलं. तेव्हापासून गावात जो तो विचारून रायला, भाऊ आम्हालेही पोट्टे घेऊन जायचं आहे, कसं करावं लागते? माझं आर्वीच्या अलीकडे कृषी केंद्र आहे, गिऱ्हाईक बियाण्याच्या थैलीवर हात ठेवून विमानाचं विचारते. रोज तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. ज्याला जायचं त्यानं वाचावं आणि माझं दुकान सोडावं.

पहिला उपाय. लेकरू दोन वर्षांचं होऊच देऊ नका. दोनच्या आत असलं तर मांडीवर बसवता येते, थोडीशी फी लागते. दोन पूर्ण झाले की स्वतंत्र सीट, स्वतंत्र तिकीट. आमचा लहाना दोन वर्षं चार महिन्यांचा. त्याला चड्डी घालता येत नाही, पण कंपनीच्या हिशोबानं तो मोठा प्रवासी आहे आणि त्यानं आपल्या सीटवर आपलं आपलं बसायचं असते. एसटीत पाच वर्षांपर्यंत फुकट, बारापर्यंत अर्धं तिकीट, पण एसटीचं सोडा, ती काय उडते थोडीच.

दुसरा उपाय, सीट निवडू नका. तिकीट काढलं की मोबाईलवर विमानाचा नकाशा येते, रंगीबेरंगी, एखाद्या लेआउटचे प्लॉट विकायला काढावे तसा. खिडकीचा इतका भाव, मोकळ्या वाटेजवळचा इतका, समोरचा जास्त, मागचा कमी. मधली सीट, जिच्यावर जगात कोणालाच बसायचं नसते, तिचेही तीनशे रुपये. युरियाची 45 किलोची थैली 266 रुपये 50 पैशाला मिळते, ती निदान वावरात तरी टाकता येते. मी म्हटलं तिकीट तर घेतलं ना आपण, उभ्यानं थोडीच नेतील, सीट देतीलच कोणती तरी. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात स्किप लिहिलेलं असते, ते दाबलं. कंपनीनं लगेच विचारलं, नक्की ना? सोबत बसता येणार नाही बरं कदाचित. मला वाटलं असंच विचारत असतील. नाही हो. आधीच सांगत होते ते.

वेब चेक-इन 48 तास आधी सुरू होते. मी दुकानात बसून बरोबर वेळेवर केलं, वाटलं लवकर केलं तर सोबत मिळतील. मिळाल्या. मला 4 बी. बायकोला 11 ई. लहान्याला 19 बी. आणि मोठीला, जी पहिलीत आहे, सहा वर्षांची, तिला 27 ई. चारही मधल्या. तुरीतसुद्धा आम्ही दोन ओळींत इतकं अंतर सोडत नाही बाप्पा, इथं कॉम्प्युटरनं मोजून मापून पेरलं आम्हाला, कोणाचं पान कोणाला लागायला नको.

स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाका. अकरा जण हॅपी जर्नी म्हणतील.

खिडकीतून दुपट्टा टाकून जागा धरायचा विचार करू नका, खिडकी उघडत नाही.

आता पुढचा उपाय महत्त्वाचा, मागणी करायची कुठं. काउंटरवर मागा. आम्ही रात्री एकला घरून निघालो, नागपूरच्या विमानतळावर पोहोचलो तेव्हा लहाना खांद्यावर झोपलेला. काउंटरवरची मुलगी चांगली होती, हसली, म्हणे सर सिस्टीम ने अलॉट किया है, गेट पे बोलिए. गेटवर बोललो. तो म्हणे क्रू से बात कर लीजिए. क्रूशी बोललो. ती म्हणे पहले बोर्डिंग होने दीजिए सर, फिर देखते हैं. म्हणजे तलाठ्याकडून सर्कल, सर्कलकडून तहसील, फक्त इथं सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे.

मग विमानात चढा आणि भीक मागा. हो, भीकच. हा उपाय मी जरा सविस्तर सांगतो. मधल्या बोळीत उभं राहायचं, ती आपल्या ट्रॅक्टरच्या चाकाएवढी रुंद. एका हातात झोपलेलं लेकरू, दुसऱ्या हातात पोरगी, पाठीवर बॅग, मागं तीस लोक खोळंबलेले, आणि समोरच्याला म्हणायचं, भैया, थोडा अ‍ॅडजस्ट करेंगे क्या, बच्चा छोटा है. आता तो भैया काय करेल? त्यानं खिडकीचे चारशे दिले आहेत. तो कानात बोंड घालून बाहेर पाहते. त्याची काही चूक नाही, मी त्याच्या जागी असतो तर मीही बाहेरच पाहिलं असतं, अंधारात. 11 ई च्या बाजूला, 11 डी वर, मोर्शीकडचे एक बुढे बावा होते. त्यांनी न सांगता पट्टा काढला. म्हणे, बस रे लेका, तू तुह्या मायजवळ बस, मी जातो मांगं. ते उठले तेव्हा दिसलं, गुडघ्याला पट्टा बांधलेला होता. पाय लांब करता यावा म्हणून मुलानं त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे भरून मोकळ्या वाटेजवळची सीट घेतली होती. ते गेले 19 बी वर, दोन दांडग्या माणसांच्या मध्ये, गुडघे समोरच्या सीटला टेकवून. पैसे कोणी घेतले, पाय कोणाचा दुखला, हिशोब पाहा. त्यांना ते साडेतीनशे कोणी वापस दिले नसतील.

लहान्याचं झालं. मोठीचं राहिलं. मी 27 कडे निघालो तर दरवाजा बंद. सर बैठ जाइए, सेफ्टी का सवाल है. मी 4 वर, पोरगी 27 वर, मध्ये बावीस रांगा आणि तिचं पहिलंच विमान. मान वळवून पाहिलं तर नुसती डोकी. तिचं डोकं सीटच्या वर येतच नाही ना.

इथं एक उपाय सुरक्षेच्या सूचना लक्ष देऊन ऐकण्याचा. ती ताई हातवारे करून दाखवते, पिवळा मास्क खाली पडेल, आधी स्वतःचा लावा, मग सोबतच्या मुलाला लावून द्या. मी ऐकलं. चौथ्या रांगेतून सत्ताविसाव्या रांगेत मास्क कसा लावतात तेवढं तिनं दाखवलं नाही. विमान बनवणाऱ्याला म्हणे सिद्ध करून दाखवावं लागते की अर्धे दरवाजे बंद असले तरी अख्खं विमान 90 सेकंदांत रिकामं होते. चांगलं आहे. त्या 90 सेकंदांत सगळे दाराकडे पळतील आणि मी उलटा मागं पळेन, पोरगीसाठी, आणि दहा जणांची वाट अडवेन. कोणता बाप पळणार नाही? तेव्हा सेफ्टीचा सवाल कुठं जाते?

पट्टा सोडायची घंटी वाजली तसा मी मागं गेलो. 27 डी वरच्या माणसानं डोळे अर्धे उघडले, तिकीट पाहिलं, चौथी रांग म्हटल्यावर उठला, उतरायला लवकर मिळते म्हणून असेल. भला माणूस होता, तिचा पट्टा त्यानंच लावून दिला होता. पोरगी रडत वगैरे नव्हती. आईनं चढताना मुर्र्याची पुडी दिली होती, सांडू नको म्हणून, ती दोन्ही हातांनी सरळ धरून बसली होती, एक दाणा खाल्ला नव्हता. मला म्हणे, बाबा, त्या काकांनी चिप्स विचारले, मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणता ना, अनोळखी माणसाचं खायचं नाही.

तर पुढचा उपाय: पोरांना अनोळखी माणसापासून दूर राहायचं शिकवू नका. प्रवासाच्या दिवशी गोंधळ होते.

अजून एक गंमत. पाच ते बारा वर्षांचं पोर एकटंच विमानानं पाठवायचं असलं तर बहुतेक कंपन्या वेगळी फी घेतात, फॉर्म भरून घेतात, न्यायला-आणायला माणूस देतात, कोण सोडणार कोण घेणार सगळं लिहून घेतात. म्हणजे बाप घरी असला तर पोर सांभाळायचं असते हे त्यांना चांगलं माहीत आहे. बाप सोबत असला की विसरते सिस्टीम.

सिस्टीम, सिस्टीम. मला ही सिस्टीम सांगू नका, मी खताचा दुकानदार आहे. आमच्या धंद्यात याला लिंकिंग म्हणतात. वरून माल येते तेव्हा डीएपीच्या मागं काहीतरी बाटली चिकटवून येते, जी कोणालाच नको असते, ती घेतली तरच खत. ते आम्ही शेतकऱ्याच्या गळ्यात बांधलं की तो आम्हाला शिव्या घालते, सरकार म्हणते लिंकिंग केलं तर कारवाई करू, कृषी अधिकारी येऊन स्टॉकबुक पाहते, आणि पाहिलंच पाहिजे. मग हे काय आहे? तिकिटाच्या मागं सीट चिकटवली आहे आणि लिंकिंगला बाटली नाही, माझी पोरगी वापरली आहे. एकट्या माणसाला कुठंही बसवा, तो बसते. त्याच्याकडून पैसे निघत नाहीत. लेकुरवाळ्याकडून निघतात. कारण तो घाबरते.

वापस आल्यावर भाच्यानं दाखवलं तेव्हा तर डोकंच फिरलं. नियम आहे. डीजीसीए म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं, त्यानं एप्रिल 2024 मध्येच कंपन्यांना सांगितलं आहे की 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवरच्या, निदान एका पालकाजवळ सीट द्यायची आणि तशी नोंद ठेवायची. आणि सीट निवडायचे पैसे ज्याला हवं त्यानं भरायचे, सक्ती नाही. आमचा चौघांचा पीएनआर एकच होता. पोरगी चाइल्ड म्हणून नोंदवली होती, मीच नोंदवली, या अंगठ्यानं. मग काउंटरवरच्या त्या हसऱ्या मुलीला माहीत नव्हतं? गेटवरच्याला माहीत नव्हतं? की माहीत आहे पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही असं ट्रेनिंग आहे?

आता उपाय गेले चुलीत, सरळ बोलतो. अरे लाज वाटली पाहिजे. सहा वर्षांच्या पोरगीला दोन परक्या माणसांच्या मध्ये बसवून वरून आम्हालाच म्हणता तुम्ही सीट निवडली नाही सर. तुमचं तिकीट स्वस्त आहे हे आम्ही रडत नाही, पाणी विकत द्या, खाणं विकत द्या, सामानाचं किलोकिलोनं घ्या, आम्ही घरून भाकर बांधून आणतो. पण पोर मायबापाजवळ बसणं हे काही सँडविच नाही. आणि तुमच्या नफ्यासाठी प्रवाशानं प्रवाशासमोर हात जोडायचे, तो नाही म्हणाला तर तो वाईट, मी मागितलं तर मी फुकट्या, आणि तुम्ही मस्त पडद्यामागं कॉफी ओतता.

आणि तुम्ही, दुकानात येऊन मला म्हणणारे, भाऊ विमानानं जाता तर तीनशे भरायला काय होते. काही नाही होत. तुमच्यासारखे भरतात म्हणूनच तर हे चालते. आठशे रुपयांची बाटली गळ्यात पडली की माझ्या काउंटरवर मूठ आपटता, तिथं मात्र ओके दाबता. सगळ्यांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा, वेगवेगळी काढू नका, नाहीतर नियम लागतच नाही. काउंटरवर सरळ सांगा एप्रिल 2024 चा नियम आहे, मूल पालकाजवळ पाहिजे, नसेल देत तर लिहून द्या. आवाज चढवू नका पण हलू नका. तिथंच करा, विमानात चढल्यावर काही होत नाही. केलं नाही तर एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका, विमान मंत्रालयाचंच आहे ते.

मी स्वतः काय केलं विचारू नका. बरं, विचाराच. हे सगळं मला वापस आल्यावर समजलं. येतानाच्या तिकिटावर बायकोनं साळ्याच्या घरीच, मला न विचारता, चार सीटा घेऊन टाकल्या होत्या. चौदाशे रुपये. युरियाच्या पाच थैल्या आणि वर सदुसष्ट रुपये पन्नास पैसे. मेसेज माझ्याच मोबाईलवर आला, मी पाहिला, काही बोललो नाही. चौदावी रांग, ए, बी, सी आणि बोळीपलीकडं डी. विमान उडालं तेव्हा मागं वळून पाहिलं. आमच्या मागची अख्खी पंधरावी रांग रिकामी होती.