पट्टीला न पुरलेलं पापलेट

रविवारी सोलापूरच्या मासळी बाजारात पोराच्या कंपासमधली पट्टी घेऊन गेलो. बायको म्हणाली, वेड लागलंय. असेल. बर्फावर मांडलेल्या पापलेटांपैकी एकाला पट्टी लावली. तोंडापासून शेपटीपर्यंत ११ सेंटिमीटर. दुसरं साडेअकरा. मासळीवाल्या मावशी कोयता खाली ठेवून बघत होत्या. "काय ओ सर, पापलेटाला शर्ट शिवताय व्हय?"

राज्य सरकारनं २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबीही ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बांगडा १४०, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याहून लहान मासा धरायचा नाही, निदान एकदा तरी त्याला अंडी घालू द्यायची. म्हणजे माझ्यासमोर राज्यमाशाची बालवाडीच बर्फात निजवली होती.

मावशींना नियम सांगितला. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "हॉटेलवाल्यांना असाच लागतोय. ताटात अख्खा मावतोय. मोठा आणला तर घेतंय कोण?" खरंय की. थाळीत अख्खं पापलेट हवं आणि थाळीही खिशाला परवडायला हवी, हा हट्ट आमचाच. मीसुद्धा तशा थाळ्या चाटूनपुसून खाल्ल्यात.

मासेमारी नियमनाचा आपला कायदा १९८१ चा. २०२१ मध्ये तो बराच कडक केला. दंड वाढवले, कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे दिले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. (ती उठते तोवर इकडे श्रावण तोंडावर येतो आणि निम्मं गिऱ्हाईक वरणभातावर जातं, ते वेगळं.) कोळी तर कायदा नव्हता तेव्हापासून नारळी पौर्णिमेची वाट बघत आलेत. आमच्याकडे त्या दिवशी मार्कंडेयाचा रथ निघतो, समुद्राची आठवण कुणाला येत नाही.

पण राज्याचा अंमल किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत. त्यापुढं केंद्राचं पाणी. रात्री एलईडीचा झगमगाट करून मासा गोळा करायला केंद्रानं २०१७ मध्येच बंदी घातली, तरी त्या दिव्यांच्या तक्रारी काही थांबत नाहीत. एवढ्या पाण्यात गस्तीची बोट कुणाकुणाच्या मागं धावणार?

म्हणून मला वाटतं, पट्टी जमिनीवर आणा. ट्रक जिथं उतरतो तिथं, घाऊक व्यापाऱ्याच्या बर्फपेटीला, हॉटेलच्या फ्रीजरला लावा. समुद्रापासून तीनशे किलोमीटर आत आलेलं पिल्लू चार हातांतून पैसे मोजून आलेलं असतं. त्यातला शेवटचा हात टोपली घेऊन बसलेल्या बाईचा. दंडाची पावती सगळ्यात आधी तिच्याच नावानं फाटेल, याचीच मला भीती आहे. सुरुवात पेटीवाल्यापासून व्हायला हवी.

आणि उजनीचं काय? तिथंही बारीक भोकांच्या जाळ्यांनी बोटाएवढी मासळी निघते. घरचं धरण आहे, समुद्राचं निमित्त तरी कुठं सांगणार?

त्या दिवशी पापलेट घेतलं नाही. मावशींकडूनच किलोभर गोड्या पाण्यातली चिलापी घेतली, साफ करून. पिशवी हातात देताना म्हणाल्या, "हिला नाही लावली पट्टी?"

ती माझ्या खिशातच होती.