डबीवरचा आकडा नेमका कोणाचा?

परवा एका ओळखीच्या मुलाने इनबॉक्समध्ये नाण्याचा फोटो टाकला. "दादा, एमएस ६६ आहे. घेऊन टाकू?" (एमएस म्हणजे 'मिंट स्टेट', न वापरलेलं नाणं; पुढचा आकडा ७० पैकी दर्जाचा, म्हणजे ग्रेडचा.) मी विचारलं, ६६ आहे असं म्हणतंय कोण? तर म्हणे, "डबीवर छापलंय की!"

मला हसू आलं नाही, कारण काही वर्षांपूर्वी हेच उत्तर मी स्वतःला देऊन चांगला हात पोळून घेतलाय. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

मी घेतला होता मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर, १८८१ सालचा, मागच्या बाजूला गरुडाखाली सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचं 'एस' अक्षर असलेला. प्लॅस्टिकच्या बंद डबीत, म्हणजे आपण ज्याला स्लॅब म्हणतो त्यात. लेबलवर एमएस ६५. ग्रेडिंग कंपनीचं, म्हणजे नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या आणि डबीबंद करणाऱ्या कंपनीचं, नाव तीन-चार इंग्रजी अक्षरांचं, बड्या कंपन्यांच्या नावांशी सहज गल्लत व्हावी असं. फोटोत नाणं पांढरंशुभ्र, आरशासारखं. मी कंपनीचं नाव धड वाचलंसुद्धा नाही, आकडा तेवढा वाचला.

पार्सल आलं आणि गडबडीत तसंच पडून राहिलं. उघडलं तेव्हा परत करायची मुदत उलटून गेली होती. (हा गाढवपणा सर्वस्वी माझा.) रात्री खोलीतले बाकीचे दिवे मालवून एका बल्बखाली डबी हळूहळू कलती करत फिरवली. न वापरलेल्या चांदीच्या नाण्यावर अशा वेळी प्रकाशाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गरगर फिरतात. टांकसाळीत ठोका पडताना धातू कडेकडे पसरतो, त्याच्या बारीक रेषांमुळे ही झळाळी येते. १८८१-एस तर या झळाळीसाठीच ओळखलं जातं. माझ्या हातातलं नाणं मात्र ढिम्म. सगळीकडे सारखंच चकचकीत, धुतलेल्या स्टीलच्या ताटलीसारखं. मग भिंग लावलं. नाण्यावरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या, गालावर केसाएवढ्या बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने. कोणीतरी कधीतरी ते फडक्याने मन लावून घासलं होतं.

इथे एक खुबी सांगतो, कारण विक्रेते हमखास म्हणतात, "या डायवरच्या रेघा आहेत, मूळच्याच." डाय म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणारा ठसा. तो घासून साफ केला तर त्यावर ओरखडे पडतात आणि नाण्यावर त्यांच्या उठलेल्या रेघा येतात. त्या सहसा मोकळ्या भागात असतात आणि चित्राच्या कडेशी येऊन थांबतात. नाणं घासल्याच्या रेघा खोदलेल्या असतात, आणि त्या मोकळ्या भागातून थेट चित्रावर, अक्षरांवर चढतात. माझ्या नाण्यावर त्या गालावरून केसांत घुसल्या होत्या. वादाला जागाच नव्हती.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, "ग्रेड कंपनीने दिली आहे, आम्ही फक्त विकतो." कंपनी शोधायला गेलो तर वेबसाइटवर ना धड पत्ता, ना डबीवरचा नंबर टाकून नाणं पडताळायची सोय. डबी आणि लेबल छापणारं यंत्र काय, कोणीही आणू शकतं.

हा आकड्यांचा खेळ आला कुठून? १९४९ मध्ये विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तिथल्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० असा तक्ता मांडला. मूळ हिशेब किमतीचा होता: अगदी झिजलेल्या नाण्याची किंमत १, तर अव्वल नाण्याची सत्तरपट. किमतीचं ते गणित कधीच मोडलं, आकडे राहिले. आणि हे शेल्डन महाशय कोण? न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट काढून त्यांच्या जागी हलके ठेवल्याचं त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीला आलं. दर्जाचा तक्ता करणाऱ्यानेच दर्जाची अदलाबदल केली!

असो. डबीबंद ग्रेडिंग रुळलं ते पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या कंपन्यांमुळे. त्या नाणी स्वतः विकत नाहीत, एकाहून जास्त माणसं नाणं बघतात, आणि अस्सलपणाची व ग्रेडची हमी असते. घासलेल्या नाण्याला त्या साधा आकडा देत नाहीत, लेबलवर 'डिटेल्स' असं लिहून दोष नोंदवतात. माझं नाणं तिथे गेलं असतं तर ६५ नव्हे, हाच शेरा मिळाला असता.

म्हणून काय, या कंपन्या म्हणजे ब्रह्मवाक्य? मुळीच नाही. डबी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवलं तर ६४ चं ६५ होतं, कधी उलटंही. नाहीतर डबी फोडून पुन्हा पाठवायचा धंदा चाललाच नसता. पण एका आकड्याचा मतभेद वेगळा आणि घासलेल्याला 'जेम' (६५ किंवा वरचं) म्हणणं वेगळं. आणि माझं विचाराल तर किंचित हाताळलेलं, झळाळी टिकवलेलं एयू ५८ ('अबाउट अनसर्क्युलेटेड', एमएसच्या एक पायरी खालचं) मला डागाळलेल्या एमएस ६१ पेक्षा कधीही प्यारं.

आता नवं संकट म्हणजे बनावट डब्या. लेबल हुबेहूब, त्यावरचा नंबरही खरा, फक्त तो दुसऱ्याच नाण्याचा. वेबसाइटवर नंबर टाकला की "बरोबर आहे" असं येतं आणि आपण खूष! नंबर जुळला म्हणजे काम झालं नाही. तिथे त्या नाण्याचा फोटो असेल तर तो उघडा आणि विक्रेत्याच्या फोटोशेजारी ठेवून बघा. गालावरचा तो एक टोचा, काठाजवळचा तो डाग, तिथेच आहे का? मॉर्गनचा गाल यासाठी उत्तम, कारण ही नाणी हजार-हजारांच्या पिशव्यांतून एकमेकांवर आपटत फिरली, आणि ते मोकळे गाल सगळं दाखवतात. दोन गाल सहसा सारखे नसतात.

डबीशिवाय विकल्या जाणाऱ्या नाण्यांबद्दल काय बोलायचं? जाहिरातीच्या शीर्षकातलं 'अनसर्क्युलेटेड' (न वापरलेलं), 'सुपर जेम' हे विक्रेत्याने स्वतःच स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्र. मी ते वाचतच नाही.

मुलाला मी एवढंच सांगितलं: विक्रेत्याकडून एका दिव्याखाली डबी कलती करत फिरवल्याचा व्हिडिओ माग, आणि परतीची मुदत विचार. त्याने मागितला. उत्तर आलं, "सर, नाणं फोटोत आहे तसंच आहे, आणखी दोघे विचारतायत."

त्याने ते दोघांसाठी सोडून दिलं.