फुस्स!

माझी गाडी घरापासून पोवई नाक्यापर्यंत शहाण्यासारखी जाते. नाका ओलांडला की दोन गचके, एक उचकी आणि भर रस्त्यात बंद. मग उतरायचं, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे का बघायचं, ते असतंच, झाकण लावायचं, किक मारायची, की बया पुन्हा चालू! पुढं दोन किलोमीटर. आठवडाभर हेच.

2020 नंतरच्या बहुतेक बीएस-6 गाड्यांना फ्युएल इंजेक्शन असतं. काही बिघडलं की मीटरमध्ये दिवा लागतो. माझी 2008ची, कार्बोरेटरवाली. तिचा दिवा लागत नाही, शेजारी जमतात.

रविवारी पाने घेऊन पार्किंगमध्ये बसलो. तळमजल्यावरचे काका स्टूल घेऊन आले, म्हणजे जेवायच्या वेळेपर्यंतची सोय झाली. प्लग काढला. काळा असता तर पेट्रोल जास्त, पांढरा असता तर कमी. आमचा निघाला छान चहाच्या रंगाचा. "कॅपमध्ये घाल, इंजिनला टेकव आणि किक मार," काका म्हणाले. यातलं 'इंजिनला टेकव' मला नीट ऐकू आलं नाही. प्लगला करंट येतोय, हे कोपरापर्यंत पटलं.

गॅप 0.8 मिलिमीटर हवी. ती काकांनी एक डोळा मिटून मोजली. एअर फिल्टर झटकला, त्यातून निम्मा सातारा बाहेर पडला. मग कार्बोरेटर. त्यातला जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला तुकडा, आईच्या स्टीलच्या वाटीत पेट्रोलमध्ये बुडवला, तोंडानं फुंकला, उजेडाकडं धरला. आरपार आभाळ दिसत होतं. पेट्रोलची चव मात्र दुपारच्या आमटीपर्यंत टिकली.

"रिंगा गेल्यात," काकांनी निकाल दिला. "इंजिन खोलावं लागणार."

तेवढ्यात आई वाटी मागायला खाली आली. मी टाकीची नळी बाटलीत धरून बसलो होतो. आधी धार, मग थेंब, मग तेही नाही. आणि टाकी अर्धी भरलेली!

आईनं क्षणभर बघितलं. "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की अस्संच होतं. हवेला दुसरं पाडावं लागतं. ह्याचं दुसरं कुठंय?"

मी झाकण उघडलं. फुस्स! बाटलीत पुन्हा धार.

झाकणातूनच टाकीत हवा जाते. ती वाट बंद झाली, तर पेट्रोल संपेल तशी आत पोकळी होते आणि उरलेलं पेट्रोल खाली उतरत नाही. म्हणजे आठवडाभर मी रोज नाक्यावर झाकण उघडून गाडी दुरुस्त करत होतो आणि लगेच लावून परत बिघडवत होतो.

काकांनी चष्मा लावून झाकण उलटंपालटं केलं. भोकावर एम-सीलचा गोळा, त्यावर अंगठ्याचा स्वच्छ ठसा. मागच्या रविवारी, टाकीत पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून, कुणीतरी मोठ्या दूरदृष्टीनं लावलेला.

"हे बुजवलं कुणी?" आईनं विचारलं.

मी काकूंच्या कडेवरच्या नातवाकडं बघितलं.