अरबी स्टँडअपला जाताय? मोबाइल चार्ज करून न्या!

गेल्या शनिवारी ऑफिसातला लेबनानी मित्र मला दुबईतल्या एका अरबी स्टँडअपला ओढून घेऊन गेला. तिकीट दीडशे दिरहम. त्यातला चाळीसेक दिरहमचा कार्यक्रम मी स्टेजवर पाहिला, बाकीचा माझ्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांच्या मोबाइलमध्ये. मध्यंतरात ते फोनवर म्हणाले, "अगं, जेवूनच येतो." म्हणजे आपलेच! तेव्हा आपल्याच माणसांसाठी चार सूचना.

उशिरा या. लोकांचे पाय तुडवत मधल्या खुर्चीत शिरा.

बसल्या बसल्या मोठ्याने विचारा, "या अरबांना विनोद कळतो का हो?" २००७ मध्ये 'अ‍ॅक्सिस ऑफ इव्हिल' म्हणून अमेरिकेतली अरब-इराणी वंशाची स्टँडअपवाली मंडळी दुबई, कैरो, बैरूत, अम्मान करून गेली, दुसऱ्याच वर्षी अम्मानने स्वतःचा स्टँडअप महोत्सव भरवला, असलं काही कोणी सांगू लागलं तर ऐकू नका. वीस वर्षं इथे काढून आपल्याला अरबीत भाजीचा भाव विचारता येतो, तेवढं पुरे.

विनोद कळला नाही तर शेजाऱ्याकडून भाषांतर मागा. मोरोक्कोचा कलाकार बोलू लागला की आखातातले अरबही चाचपडतात, पण तुमचं अडता कामा नये.

कलाकाराने 'रफीक'ची, म्हणजे तुमची-आमची, नक्कल केली की चेहरा पाडा. इजिप्तवाल्याची केली की शिट्टी.

बायको, सासू आणि पार्किंगवरच बोलला तर "यांच्यात दमच नाही" म्हणा. सौदीतल्या रियाधच्या २०२५च्या कॉमेडी महोत्सवाला पन्नासहून जास्त कलाकार बोलावले होते. आमंत्रण नाकारणाऱ्या अमेरिकी कलाकार अत्सुको ओकात्सुकाने कराराची अटच जगजाहीर केली: राज्य, राजघराणं, धर्म यांची टिंगल चालणार नाही. मग राहिलं कोण? सासूच ना!

आता मोबाइल. आत शिरताना दोन भाषांत सांगतात की शूटिंग करू नका. ते इतरांसाठी. तुम्ही ब्राइटनेस फुल्ल करा, हात उंच धरा, कोपर मागच्याच्या नाकासमोर येईल असं बघा. विनोदाची बांधणी सुरू असेपर्यंत गप्पा मारा, पंच आला की रेकॉर्ड दाबा. तो पंधरा सेकंदांचा तुकडा फॅमिली, सोसायटी, दहावी ब, सगळ्या ग्रुपांवर टाका. खाली लिहा, 'बघा काय बोलतोय!' आधी काय बोलला ते कोणाला कळायलाच नको. बैरूतच्या स्टँडअप कलाकार नूर हज्जारने पगाराचं मातेरं झाल्यामुळे डिलिव्हरी करणाऱ्या सैनिकांवर विनोद केला. ऑगस्ट २०२३ मध्ये लष्करी पोलिसांनी त्याला तासन् तास चौकशीला बसवलं. सुटतो न सुटतो तोच कित्येक वर्षांपूर्वीच्या एका विनोदासाठी पुन्हा उचलला, कारण कोणीतरी जुनी क्लिप उकरून काढली होती. लेबनानचीच स्टँडअप कलाकार शादेन फकीह, तिची एका खाजगी कार्यक्रमातली क्लिप २०२४ मध्ये फुटली. धमक्या आल्या, बाईला देश सोडावा लागला. आणि तुम्ही खालच्या ओळीला हसणारी इमोजी लावता! कुणाल कामराच्या क्लिपपायी फोडलेला मुंबईतला खारचा स्टुडिओ विसरलात का? की तोही फॉरवर्डच केलात?

नाही, खरंच विचारतो. लाज कशी वाटत नाही? दहा फुटांवर जिवंत माणूस उभा आहे, एकेक शब्द तोलून बोलतोय, कारण चुकला तर काय होईल हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तुम्ही घरी जाऊन वरणभात खाल, आणि तुमच्या तुकड्यापायी तो कोणासमोर उभा असेल? बरं, विचारल्याशिवाय दुसऱ्याचं शूटिंग करणं यूएईत गुन्हा आहे, हे व्हिसा रिन्यू करताना बरोबर आठवतं तुम्हाला. अंधारात बसलं की विसरता.

काका, निळा टी-शर्ट, चौथी रांग. तो व्हिडिओ डिलीट करा. आत्ता. ग्रुपवर टाकला असेल तर तिथूनही.